पत्ता, नाव आणि यदृच्छा : वाय-फाय उपकरणांच्या बदलत्या ओळखींची चिकित्सा

मराठीत 'पत्ता' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाकिटावर लिहावयाचा तो एक पत्ता. आणि 'चोराचा पत्ता लागला', 'स्वारीचा सकाळपासून पत्ता नाही' अशा वाक्यांत येणारा तो दुसरा. पहिल्याने ठिकाण सांगितले जाते, दुसऱ्याने माग. एरवीच्या व्यवहारात या दोन अर्थांची गल्लत होत नाही, कारण पहिला पत्ता माणूस स्वखुशीने देतो आणि दुसरा त्याला न विचारता काढला जातो. वाय-फायच्या बिनतारी जाळ्यांत वावरणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत मात्र हा भेद पुसला गेला आहे. तेथे दळणवळणासाठी जो पत्ता उघडपणे द्यावा लागतो, तोच माग काढावयासही पुरेसा होतो. यावर उपाय म्हणून २०१४ पासून उपकरणाचा पत्ता यदृच्छेने बदलत ठेवण्याची पद्धत रूढ होत गेली. तिचे पुरस्कर्ते तिला खाजगीपणाचे कवच म्हणतात. जाळी सांभाळणाऱ्यांना ती डोकेदुखी वाटते. परंतु दोन्ही पक्षांची मांडणी ज्या शब्दांवर उभी आहे ते शब्दच तपासून पाहिले, तर वादाचे स्वरूप बरेच पालटते.

प्रथम 'पत्ता' हाच शब्द घ्यावा. ज्याला मॅक पत्ता म्हणतात तो ४८ बिटांचा असतो. लिहिताना त्याचे बारा षोडशमान अंक दोन-दोनांच्या सहा जोड्यांनी लिहितात. झेरॉक्स, डिजिटल व इंटेल या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये ईथरनेटचा जो तपशील प्रसिद्ध केला, त्यातूनच ही लांबी रूढ झाली. पहिले २४ बिट आय-ट्रिपल-ई ही संस्था उत्पादकाला नेमून देते. उरलेले २४ उत्पादक आपल्या प्रत्येक वस्तूला निरनिराळे देतो. एका उपसर्गाखाली अशा रीतीने सुमारे १ कोटी ६७ लाख वस्तूंची सोय होते. आता घर बदलले की घराचा पत्ता बदलतो. पत्त्याचा तो धर्मच आहे. मॅक पत्त्याचे तसे नाही. पुण्यात घेतलेला फोन लंडनला नेला तरी त्याचा मॅक पत्ता तोच राहतो. जाळ्यांच्या रचनेवर लिहिताना जॉन शॉक यांनी १९७८ मध्येच असा विवेक केला होता की, जे शोधावयाचे ते नावाने कळते, ते कोठे आहे हे पत्त्याने कळते आणि तेथे कसे जावयाचे हे मार्गाने कळते. या कसोटीला लावता मॅक पत्ता हा पत्ता नव्हेच; ते नाव होय, आणि तेही आडनावासकट असलेले नाव. उत्पादकाचा उपसर्ग हे त्याचे आडनाव.

पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांचे येथे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जाती, गुण आणि क्रिया यांवरून लागणारे शब्द एका बाजूस, आणि ज्याला कसलाच आधार नाही, केवळ ठेवणाऱ्याच्या इच्छेने जो एखाद्या व्यक्तीला चिकटतो तो यदृच्छाशब्द दुसऱ्या बाजूस. 'डित्थ' हे त्याचे परंपरागत उदाहरण. मॅक पत्त्याचा पूर्वार्ध जातिशब्दाच्या जवळचा आहे, कारण तो कुळ सांगतो. उत्तरार्ध यदृच्छाशब्द आहे. आणि नव्या पद्धतीने काय केले? तिने पूर्वार्धही यदृच्छेच्या स्वाधीन केला.

मात्र 'यादृच्छिक' या शब्दाने आज मराठीत दोन निरनिराळी कामे चालविली आहेत, आणि त्यांची गफलत होऊ नये. भाषाशास्त्रात चिन्ह यादृच्छिक आहे असे म्हणतात, तेव्हा 'झाड' या ध्वनींचा झाड या वस्तूशी निसर्गसिद्ध संबंध नाही एवढाच त्याचा आशय असतो. समाजाने तो संबंध एकदा मान्य केल्यावर कोणा एकाला मनास येईल तेव्हा तो बदलता येत नाही. संख्याशास्त्रातील यादृच्छिकता निराळी. तेथे फाशाचा पुढचा डाव मागच्या डावाने बांधलेला नसतो. कारखान्यात दिलेला मॅक पत्ता पहिल्या अर्थी यादृच्छिक होता व संकेताने स्थिर होता. फोन स्वतःच निर्माण करतो तो पत्ता दुसऱ्या अर्थीही यादृच्छिक आहे, आणि त्यामागे दोन्ही पक्षांचा असा कोणताही करार नाही. जाळी सांभाळणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका फरकात आहे.

नावाचा माग कसा झाला हे थोडक्यात सांगता येईल. फोन खिशात असतानाही आसपास कोणती जाळी आहेत याची विचारणा अधूनमधून करीत राहतो, आणि प्रत्येक विचारणेवर त्याचे नाव असते. काही उपकरणे तर पूर्वी ज्या जाळ्यांना जोडली गेली होती त्यांची नावेही घेत असत. म्हणजे रस्त्यात उभे राहून आपल्या घराचे, कचेरीचे व उतरलेल्या खानावळीचे नाव मोठ्याने पुकारावे तसा हा प्रकार. ही विचारणा ऐकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. जाळ्याला जोडल्यावर संदेशाचा मजकूर सांकेतिक लिपीत जातो खरा, पण पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे मॅक पत्ते त्या लिपीच्या बाहेरच राहतात. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात, रस्त्यावरील कचऱ्याच्या काही जाहिरातवजा पेट्यांत जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनांचे पत्ते टिपण्याची यंत्रे बसविल्याचे उघडकीस आले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील नगरसंस्थेने ती बंद करावयास सांगितले. कचऱ्याच्या पेटीने माणसाची ये-जा टिपून ठेवावी यातला विनोद लोकांच्या ध्यानी आला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, पेटीने काहीही चोरले नव्हते. जे पुकारले जात होते तेच तिने लिहून घेतले.

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, ॲपलच्या आयओएस ८ मध्ये विचारणा करताना खोटे नाव सांगण्याची सोय आली. अँड्रॉइडमध्ये ती पुढील आवृत्त्यांतून आली. खोटे नाव तयार करण्याचा नियम मजेदार आहे. ४८ बिटांपैकी एक बिट हे नाव एका उपकरणाचे की समूहाचे हे सांगतो, आणि दुसरा ते संस्थेने नेमून दिलेले की स्थानिक रीतीने घेतलेले हे सांगतो. हे दोन सोडून उरलेले ४६ बिट यदृच्छेवर सोपविले, तर सुमारे ७० लाख कोटी नावे उपलब्ध होतात. परंतु तो दुसरा बिट प्रामाणिकपणे लावला, तर पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई यांपैकीच एक येतो, आणि पाहणाऱ्यास तत्काळ कळते की हे नाव घेतलेले आहे. बुरखा घेतल्याचे बुरख्यावरच लिहिलेले आहे. यात दोष मानण्याचे कारण नाही. संस्थेने दिलेल्या नावांशी टक्कर न होण्यासाठी हा संकेत आवश्यकच आहे. पण आपण ओळखले जाणार नाही आणि आपण लपलो आहोत हेही कोणाला कळणार नाही, अशा समजुतीत जे वावरतात त्यांनी हा अंक एकदा पाहून घ्यावा.

खरी अडचण त्यापुढची आहे. नाव बदलले म्हणून बोलणारा बदलत नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाला वाचक त्याच्या लकबींवरून ओळखतात. कोणता शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो, वाक्य कोठे तोडतो, 'परंतु' लिहितो की 'पण', यावरून. उपकरणांनाही अशा लकबी असतात. प्रत्येक विचारणेबरोबर उपकरण आपल्या क्षमतांची एक यादी पाठविते. कोणते वेग त्याला जमतात, कोणत्या सोयी त्यात आहेत, इत्यादी. यादीतील बाबी व त्यांचा क्रम उत्पादकानुसार व प्रतिकृतीनुसार बदलतो. शिवाय प्रत्येक फ्रेमवर १२ बिटांचा अनुक्रमांक असतो, जो ० पासून ४०९५ पर्यंत जाऊन पुन्हा ० वर येतो. नाव बदलले आणि अनुक्रमांक मात्र १२०७ नंतर १२०८ असाच चालू राहिला, तर दोन्ही नावांमागे एकच उपकरण आहे हे सांगण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. मॅथी व्हानहूफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, केवळ पत्ता बदलणे पुरेसे का नाही, हे नेमक्या या अंगाने दाखवून दिले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतील संशोधकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो अधिक कठोर होता. अँड्रॉइड फोनांपैकी बहुसंख्य फोन सोय असूनही नाव बदलतच नाहीत, असे त्यांना आढळले; आणि त्याहून धक्कादायक म्हणजे, जाळ्यातील एका खालच्या पातळीवरील नियंत्रणसंदेशात खरे नाव घालून हाक मारली असता, त्यांनी तपासलेल्या सर्वच उपकरणांनी ओ दिली. वेष पालटून बसलेल्या माणसाला मागून त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी आणि त्याने सवयीने वळून पाहावे, तसेच हे.

या अभ्यासांवरून संपूर्ण पद्धतच निरुपयोगी ठरली असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा आहे. लकबीवरून ओळखणे शक्य असते, पण त्यासाठी श्रम लागतात, चूक होण्याचा संभव असतो, आणि एकाच प्रतिकृतीचे दोन फोन शेजारी असले तर संशय उरतो. कचऱ्याच्या पेटीत बसविलेल्या स्वस्त यंत्राला जे कसलाही विचार न करता मिळत होते, त्यासाठी आता जाणकाराची गरज पडते, एवढा फरक तरी निश्चित पडला. शिवाय अनुक्रमांकाचा दोष पुढील काळात अनेक उत्पादकांनी दूर केला.

दुसरा टप्पा अधिक विचारपूर्वक योजलेला आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून उपकरण प्रत्येक जाळ्यासाठी एक निराळे नाव धारण करते, आणि त्या जाळ्यापुरते ते सामान्यतः टिकवून ठेवते. या रचनेला महाराष्ट्रात परके कोणी म्हणू नये. विवाहात तांदळावर वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा अनेक घरांतून होती, आणि काही घरांतून आजही आहे. माहेरी ती एका नावाने ओळखली जाते, सासरी दुसऱ्या. प्रत्येक घरात तिचे नाव स्थिर असते, पण माहेरच्या गावातील वाण्याची वही आणि सासरच्या गावातील वाण्याची वही शेजारी ठेवून नुसत्या नावांवरून कोणाला मेळ घालता येणार नाही. साम्य येथेच संपते, कारण स्त्रीचे नाव इतरांनी बदलले होते आणि फोनचे फोनच बदलतो. तथापि तत्त्व ध्यानात यावयास उदाहरण पुरे आहे. दोन जाळ्यांच्या नोंदी जुळवून माणसाची हालचाल उभी करणे अवघड व्हावे, आणि एका जाळ्याला आपला नेहमीचा पाहुणा मात्र ओळखता यावा, असा हा मध्यममार्ग आहे. २०२४ च्या आयओएस १८ ने कमकुवत संरक्षण असलेल्या जाळ्यांत नाव सुमारे दोन आठवड्यांनी पालटण्याची भर त्यात घातली.

टीका करावयाची ती या रचनेवर नव्हे, तिला दिलेल्या नावावर. फोनच्या पडद्यावर तिचे जे इंग्रजी नाव ॲपलने ठेवले त्याचा शब्दशः अर्थ 'खाजगी वाय-फाय पत्ता' असा होतो. यातील 'खाजगी' हे विशेषण पत्त्याला लागू पडत नाही, कारण तो पत्ता पूर्वीइतकाच उघडपणे हवेत जातो. आणि माणसाला तर ते मुळीच लागू पडत नाही. खाजगी झाले आहे ते फक्त दोन नावांमधील नाते. विशेषण चुकीच्या विशेष्याला जोडले की अर्थ किती दूर जातो याचे हे उदाहरण होय, आणि त्याचा परिणाम केवळ व्याकरणापुरता राहत नाही. २०२० पासून २०२३ पर्यंत, तीन वर्षे, याच आयफोनांतील एका दोषामुळे, जाळ्यावरील इतर उपकरणांचा शोध घेण्यासाठी पाठविल्या जाणाऱ्या संदेशांच्या पोटात फोनचा खरा मॅक पत्ता जात होता. पाकिटावर टोपणनाव आणि आतल्या पत्राखाली सही खऱ्या नावाची! त्याच जाळ्यावरील कोणालाही ती सही वाचता आली असती. टॉमी मिस्क व तलाल हाज बक्री यांनी हा दोष दाखवून दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस १७.१ ने तो दुरुस्त केला. त्या तीन वर्षांत पडद्यावरची कळ चालू स्थितीत होती व 'खाजगी' हा शब्द तिच्यावर तसाच होता. ज्याला कोणाच्या पाळतीची खरोखर भीती आहे, एखादा बातमीदार, किंवा नवऱ्याच्या घरातून निघून आलेली एखादी स्त्री, त्याने त्या शब्दावर विसंबून काय केले असेल, हा प्रश्न शब्द निवडणाऱ्यांनी स्वतःस विचारला पाहिजे.

आता जाळ्यांच्या बाजूकडे वळावे. त्यांच्या तक्रारी सरसकट फेटाळण्यासारख्या नाहीत, आणि सरसकट मानण्यासारख्याही नाहीत. घरातील राउटर सहसा अडीचशेच्या आसपास आयपी पत्ते वाटू शकतो. तेवढे घराला पुरतात. पण एखाद्या वाचनालयात किंवा उपाहारगृहात तेवढाच साठा असेल, आणि तेच फोन रोज नव्या नावाने येऊ लागले, तर गेलेल्या पाहुण्यांच्या नावे अडकलेले पत्ते मुदत संपेपर्यंत मोकळे होत नाहीत आणि नव्याला जागा उरत नाही. मुदत कमी केली की अडचण बरीचशी सुटते. मुलाच्या फोनला रात्री दहानंतर जाळे मिळू नये अशी योजना पालकांनी नावावर बेतली असेल, तर मुलगा नाव बदलून मोकळा होतो. वसतिगृहात प्रत्येक विद्यार्थ्याचे उपकरण नावाने नोंदवून घेण्याची पद्धत असेल, तर तेथील व्यवस्थापकाला प्रत्येकास फोनमधील कळ बंद करावयास सांगत बसावे लागते. हे त्रास खरे आहेत.

परंतु नोंदलेल्या नावांनाच आत सोडावयाचे या रीतीला जे लोक सुरक्षा म्हणत आले, त्यांचा युक्तिवाद मुळातच दुबळा होता. मॅक पत्ता उघड्यावर बोलला जातो. तो ऐकून घेऊन आपल्या संगणकाला लावणे हे यादृच्छिक पत्ते येण्यापूर्वीही सहज शक्य होते. दारावर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याने प्रत्येकाला नाव विचारावे व सांगितलेले नाव यादीत असेल तर आत सोडावे, एवढाच तो बंदोबस्त. नव्या पद्धतीने हे कुलूप तोडले असे म्हणण्यापेक्षा, तेथे कुलूप नव्हते हे तिने उघड केले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

गर्दीच्या अभ्यासाची बाजू मात्र वेगळी मांडली पाहिजे, कारण तेथे लाभ सार्वजनिक आहे. लंडनच्या वाहतूक संस्थेने २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भुयारी रेल्वेच्या ५४ स्थानकांवर चार आठवडे असा प्रयोग केला. सुमारे ५६ लाख उपकरणांच्या ५० कोटींहून अधिक नोंदी जमा झाल्या, आणि किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जाणारे प्रवासी किमान १८ निरनिराळ्या मार्गांनी जातात, ही तिकिटांवरून कधीही न कळणारी गोष्ट कळली. प्रयोगाच्या पाट्या स्थानकांवर लावलेल्या होत्या आणि पत्ते मूळ रूपात ठेवलेले नव्हते. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, प्रत्येक जाळ्यासाठी एक स्थिर नाव या पद्धतीने असा अभ्यास अशक्य होत नाही, कारण सर्व स्थानकांवर जाळे एकच असते. अशक्य होते ते एवढेच, की त्या नोंदी दुसऱ्या कोणाच्या नोंदींशी जुळविणे. सार्वजनिक हितासाठी याहून अधिकाची गरज आहे असे अद्याप कोणी पटण्याजोगे दाखविलेले नाही.

या सर्व चर्चेत एक परिणाम दुर्लक्षित राहतो, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. दुबळे नाव हातचे गेले म्हणून जाळ्यांनी ओळख मागावयाचे सोडले नाही; त्यांनी अधिक बळकट नाव मागावयास सुरुवात केली. मॅक पत्ता उपकरणाचे नाव होते, माणसाचे नव्हे. त्याच्या जागी जेव्हा मोबाईल क्रमांक, ईमेल किंवा संस्थेचे ओळखपत्र येते, तेव्हा नोंद थेट माणसाशी जोडली जाते. भारतात तर ही जोडणी आधीपासूनच रूढ आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनी जी मोफत वाय-फाय सेवा सुरू केली आणि पुढे गूगलने अंग काढून घेतल्यावरही रेलटेलने जी चालू ठेवली, तिच्यात शिरावयाचे तर मोबाईल क्रमांक द्यावा लागतो व त्यावर आलेला संकेतांक भरावा लागतो. फलाटावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसापासून फोनचे नाव झाकले गेले आहे, आणि जाळे चालविणाऱ्याच्या वहीत मालकाचा क्रमांक लिहिला गेला आहे. हा क्रमांक जाळ्यागणिक बदलत नाही. बँकेत, गॅसच्या नोंदणीत व दवाखान्यात तोच असतो. ज्या मेळ घालण्यावर यदृच्छेने बंदी घातली तो मेळ येथे बिनकष्ट घालता येतो. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने असा क्रमांक घेणाऱ्यावर काही कर्तव्ये घातली आहेत. पण मागितलेली ओळख कामाच्या मानाने जास्त आहे का, हा प्रश्न फोनमधील कळ विचारीत नाही आणि प्रवासीही विचारीत नाही.

याच्या उलट दिशेचा एक प्रयत्न आय-ट्रिपल-ईच्या ८०२.११ मानकाच्या 'बीएच' या सुधारणेत झाला आहे. ती २०२४ ची. तीत दोन रीती सांगितल्या आहेत. एकीत जाळेच पाहुण्याला एक खूण देते, आणि पुढच्या भेटीत पाहुणा ती झाकलेल्या रूपात परत दाखवितो. दुसरीत पाहुणा निघतानाच, पुढच्या वेळी कोणते यादृच्छिक नाव घेऊन येणार ते जाळ्याच्या कानात सांगून ठेवतो. दोन्हींत बाहेर ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही, आणि आतल्याला मोबाईल क्रमांक न घेताही ओळख पटते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, यदृच्छेने मोडलेला संकेत येथे पुन्हा जुळविला आहे, पण तो त्या दोघांपुरताच. मात्र यासाठी फोन व राउटर दोघांनीही नवी रीत शिकलेली असावी लागते, आणि जुन्या राउटरांवर चालणाऱ्या वसतिगृहांना व वाचनालयांना तिचा लाभ मिळण्यास बराच अवधी जाईल.

तोपर्यंत निदान कळीवरचा शब्द तरी बदलता येण्यासारखा आहे. मराठी पडद्यासाठी 'खाजगी पत्ता' हे भाषांतर करण्याऐवजी 'या जाळ्यापुरते नाव' असे लिहिले, तर त्यात पत्ता हा चुकीचा शब्दही राहत नाही आणि खाजगी हे न पाळता येणारे आश्वासनही.